पाचवी झडप

१

बिअर चाखायला सगळ्यात चांगली वेळ सकाळची, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. न्याहारी जिरलेली असते, जेवण व्हायचं असतं, जीभ कोरी असते. आमच्या ब्रुअरीत चाखणी नेहमी स्मोकोच्या, म्हणजे सकाळच्या चहाच्या सुट्टीच्या जरा आधी होते. चाखणारे एका बाजूने आत जातात, मी दुसऱ्या बाजूला उभी असते. मधे लाकडी भिंत.

भिंतीपलीकडे पाच अरुंद कप्पे आहेत. प्रत्येकात एक स्टूल, एक फळी आणि एक लाल दिवा. लाल एवढ्यासाठी, की बिअरचा रंग कळू नये आणि कोणी रंगावरून अंदाज बांधू नये. प्रत्येक कप्प्याला माझ्या बाजूने एक सरकती झडप. मी झडप वर करते, तीन ग्लासांचा ट्रे आत सारते, झडप खाली सोडते. तीनपैकी दोन ग्लासांत एकाच बॅचची बिअर असते, तिसऱ्यात दुसऱ्या. वेगळा कोणता ते ओळखायचं. बोलायचं नाही, लिहायचं नाही. वेगळा वाटला तो ग्लास संपवून ट्रेमध्ये उपडा घालायचा, ट्रे परत सारायचा आणि बटण दाबायचं. मग माझ्या बाजूला त्या झडपेवरचा बारका दिवा लागतो. चेहरे मला कधीच दिसत नाहीत. हात दिसतात, तेही मनगटापर्यंत.

मी मांडणारी. मांडणाऱ्याने चाखायचं नाही, कारण त्याला उत्तर ठाऊक असतं. हा नियम मला फार सोयीचा होता. होबार्टला अन्नशास्त्र शिकून आले तरी माझी जीभ चारचौघींसारखीच आहे, आणि चारचौघांत चुकायची मला भयंकर धास्ती वाटते. तशी मला सगळ्याचीच वाटते. दार आपटलं तरी हातातला ग्लास सुटतो. माझ्या बोटांवर कायम एखादी तरी निळी पट्टी असते. बिअरच्या टाकीत पडली तर पटकन दिसावी म्हणून आमच्याकडे जखमेच्या पट्ट्या निळ्याच मिळतात. फोर्कलिफ्ट चालवणारा मॅका मला "निळी" म्हणूनच हाक मारतो.

त्या वर्षी खोऱ्यात बिअर कडू करणाऱ्या हॉप्सच्या फुलांची तोडणी सुरू झाली तोवर आमची लाल लेबलची कडवट बिअर, बिटर, हाताबाहेर गेली होती. एका बॅचला लोण्याचा वास, पुढचीला हिरव्या सफरचंदाचा, त्यापुढची झकास, की लगेच पुढची ओल्या पुठ्ठ्यासारखी. पाणी तेच, मोड आणून भाजलेल्या बार्लीचा मॉल्ट तोच, माणसं तीच. मी सगळं मोजत होते. आकडे दर वेळी सारखे यायचे आणि बिअर दर वेळी वेगळी.

"आकडे बरोबर आहेत म्हणे!" आमची मुख्य ब्रुअर ब्रॉनी माझ्यावर डाफरायची. "मग बाटलीत आकडे भरू का, टॅम? लोकांना आकडे पाजू?"

तिचं चुकत नव्हतं. मालक मेलबर्नला. त्यांचा माणूस ईस्टरनंतर येणार होता. लागोपाठच्या तीन बॅचेस सारख्या निघाल्या तर बिटर इथेच बनत राहणार. नाही तर टाक्या बंद, आणि नदीकाठच्या आमच्या दगडी इमारतीत पर्यटकांना टोप्या विकणारं एक दुकान उरणार. गावातल्या निम्म्या घरांची चूल आमच्या वाफेवर चालते. हे मला रोज कोणी ना कोणी ऐकवायचं, जणू काही बिअर मीच बिघडवते आहे.

खरी अडचण अशी की आमच्याकडे चाखणारं कोणी उरलं नव्हतं. जीभ होती ती डेस ट्रिफिट यांची. ब्रॉनी शाळेत होती तेव्हापासून ते पाचव्या कप्प्यात बसायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना साधा ताप आला आणि वास येणं बंद झालं. वास गेला की चव गेलीच. राहिले चौघे: ब्रॉनी, मॅका, बाटल्यांच्या लाइनवरची शीना आणि हिशेबाच्या टेबलावरचा एकजण. या चौघांची उत्तरं एकमेकांशी कधी जुळायची नाहीत. एकाच ट्रेवर.

त्या सकाळी मी इतकी वैतागले होते, की हात सवयीने चालत होते. एक, दोन, तीन, चार ट्रे सारले. आणि पाचवाही. आपण काय केलं ते झडप खाली पडल्यावर लक्षात आलं. ट्रे काढून घ्यायला हात पुढे केला, आणि झडपेवरचा दिवा लागला.

मी झडप वर केली. ट्रे फळीच्या या टोकाला आला होता. मधला ग्लास उपडा होता, आणि मधलाच वेगळा होता.

२

मॅका, दुसरं कोण. ब्रुअरीतल्या सगळ्या थट्टा मॅकाच्या असतात. मी स्मोकोच्या खोलीत गेले तर तो खिमा भरलेली पेस्ट्री खात बसला होता.

"पाचव्यात कशाला घुसलास?"

"कुठे?"

"पाचव्या कप्प्यात. ट्रे तूच परत केलास ना?"

"अगं निळे, मी दुसऱ्यात बसतो ते ढोपरं छातीला लावून. पाचव्यात डेसची ती उशी आहे, तिच्यावर बसायला मला वेड लागलंय? इतक्या वर्षांचं त्यांचं बूड मुरलंय तिच्यात!"

शीना हसता हसता ठसकली. ब्रॉनी हसली नाही. "आज ओळखलं का कोणी?" तिने विचारलं.

"एकाने," मी म्हटलं.

"कोणी?"

मी चहा ओतायला वळले. "मॅकाने," म्हटलं. मॅकाने दोन्ही हात वर करून टाळ्या घेतल्या.

सगळे कामाला गेल्यावर मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. पाचव्याचं दार लोटलेलं होतं. आत लाल दिवा चालू होता. तो बटणावरच चालतो, म्हणजे कोणीतरी लावला असणार. स्टुलावर डेस यांच्या बायकोने, वॅल यांनी विणलेली हिरवी-पिवळी उशी होती. मधोमध खोलगट दबलेली. लोकरीची जुनी उशी दबलेलीच राहते, असं मी स्वतःला सांगत होते, तेवढ्यात ती हळूहळू वर आली. मोठा श्वास घेतल्यासारखी फुगली आणि सपाट झाली.

मी दार लावून घेतलं. लोकर दमट हवेत फुगते. नदी अगदी लागून आहे. हे कारण मी दिवसभर घोकत राहिले.

३

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाच ट्रे लावले, आणि पाचव्यात तिन्ही ग्लास एकाच बॅचचे भरले.

अशा ट्रेवर चाखणारे नेहमी फसतात. कोणता ना कोणता ग्लास उपडा घालतातच, कारण "सगळे सारखेच" म्हणायचं कोणाच्या मनात येत नाही. आपल्याला काही कळत नाही असं दिसेल, ही भीती. डेस एकटेच असे होते, की त्यांना फसवता यायचं नाही. ते तिन्ही ग्लास सरळ ठेवून परत सारायचे आणि वर फळीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे. टक, टक. म्हणजे, मला उल्लू बनवू नका. मी नवीन होते तेव्हा तो आवाज आला की दचकायचे आणि ब्रॉनी खो खो हसायची.

पहिल्या चार झडपांवरचे दिवे लागले. चार उपडे ग्लास आले. पाचव्या झडपेआड बराच वेळ काही नव्हतं. मी श्वास सोडला. मूर्ख आहेस तू टॅम, असं पुटपुटले.

दिवा लागला. तिन्ही ग्लास सरळ. तिन्ही रिकामे.

टक, टक.

मी किंचाळले नाही, हे मला आजही खरं वाटत नाही. किंचाळले असते तर बरं झालं असतं. चौघे धावत आले असते, दार उघडलं असतं, काय असेल ते सगळ्यांनी मिळून पाहिलं असतं. पण मी काय केलं, तर शांतपणे झडप खाली सोडली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शेवटी एकदाचं मला खरं उत्तर देणारं कोणीतरी मिळालं.

इतके महिने डोकं आपटून घेतलेलं असलं की माणूस असाच होतो.

मग मी रोज पाचवा ट्रे लावू लागले. या टाकीची त्या टाकीशी, आजची कालच्याशी. पाचव्याचं उत्तर कधी चुकलं नाही. आठवडाभरात कळलं की सगळा गोंधळ यीस्टचा आहे. एक बॅच आंबून झाली की तिच्या तळाचं यीस्ट काढून आम्ही पुढच्या बॅचला घालतो. कोपऱ्यातल्या जुन्या टाकीतलं यीस्ट थकलेलं होतं आणि त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्या नासत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते मला ठणठणीत दिसत होतं. पाचव्याने मात्र त्या टाकीचा प्रत्येक ग्लास उपडा घातला.

ब्रॉनीने ते यीस्ट ओतून दिलं, नवं आणलं. पुढच्या दोन बॅचेस सारख्या उतरल्या.

"बघ!" तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. माझ्या हातातलं पाणी सांडलं. "शेवटी तुझी डिग्री कामाला आली गं. कसं काय ओळखलंस?"

"अंदाज," मी म्हटलं.

४

आमच्याकडून निवृत्त झालेल्यांना दर महिन्याला बिटरचा एक क्रेट घरपोच जातो. जुनी रीत आहे. डेस यांचा क्रेट त्या वेळी मी मागून घेतला.

घर वरच्या अंगाला, हॉप्सच्या मळ्यांपलीकडे. तोडणी झालेली होती. तारांचे सांगाडे मोकळे उभे होते. वॅल कांदे परतत होत्या. मला पाहून त्यांनी न विचारताच ताटलीत कांद्याचा टार्ट वाढला, वर चीज.

"क्रेट कशाला आणलास पोरी? ह्यांना आता बिअर काय नि भांड्यांचं पाणी काय."

"मला ऐकू येतं," डेस खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. "नाक गेलंय, कान आहेत."

ते बारीक झाले होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी बाटल्यांच्या मशीनमध्ये सापडून वाकडी झालेली आहे. ती मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. ब्रुअरीत ती मला फक्त झडपेतून दिसायची. समोरच्या टार्टवर ते मीठ टाकत होते, टाकतच होते.

"पुरे, डेस."

"काय फरक पडतो, वॅल? पुठ्ठा खारवून खातोय."

मी विचारलं, "अजिबात काही येत नाही? कधीच?"

त्यांनी वॅलकडे पाहिलं. वॅल चुलीकडे वळल्या. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "येते. सकाळी. तोंडात काही नसताना. आपली बिटर येते. मधेच लोणी, मधेच सफरचंद. एक दिवस तर तिन्ही घोट एकसारखे आले." ते हसले. "पोरी, त्या तेवढ्यासाठी मी उठतो बघ सकाळी."

माझा काटा ताटलीवर वाजला.

वॅल मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. फाटकाशी त्यांनी माझं मनगट पकडलं. "चव येते, ते त्यांनी सांगितलं. उरलेलं मी सांगते. त्या वेळी हाक मारली तर त्यांना ऐकू जात नाही. हात पुढे करून काहीतरी ढकलतात. कोपरापर्यंत गार पडतो हात. आधी दोन मिनिटांत परत यायचे. मग जेवणापर्यंत. परवा दिवे लागायची वेळ झाली तरी आले नव्हते." मग एकदम हसून, "डॉक्टर म्हणतो, वय आहे. असेल बाई. पण तू तिथेच असतेस ना त्या वेळी? काय करता तुम्ही तेव्हा?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहाला जातो."

घाटातून उतरताना गाडी एकदा बाजूला घ्यावी लागली.

५

दुसऱ्या दिवसापासून मी पाचवा ट्रे बंद केला.

चार ट्रे, चार उत्तरं, चारही भलतीच. ब्रॉनी पुन्हा कुरकुरायला लागली. तिसरी बॅच टाकीत होती, मेलबर्नचा माणूस आठवड्यावर आला होता, आणि तिसरी पहिल्या दोन्हींसारखी उतरते आहे की नाही हे सांगू शकणारं कोणी नव्हतं. म्हणजे होतं. पण मी झडपेला हात लावणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी, ट्रे नसताना, पाचव्या झडपेवरचा दिवा लागला.

मी जागची हलले नाही. तार सैल झाली असेल. विजेचं काम जुनंच आहे इथे.

झडप आतून वर गेली. ती आतून उघडत नाही. पकडायला काही नाहीच त्या बाजूला. तरी ती वर गेली, वीतभर, आणि लाल उजेडात बोटं फळीवर आली. फळी चाचपू लागली. इकडे, तिकडे, ट्रे जिथे असायला हवा तिथे. वाकडी करंगळी लाकडावरून घसटत गेली तसा बारीक खरखर आवाज झाला. मग स्वेटरची बाही दिसली. हात पुढे येत राहिला, मला जेवढा हात कधी दिसलाच नव्हता तेवढा. तळवा वर करून तो थांबला. मागत होता.

मी वाकले. पाहायला नको होतं, पण वाकले. बाहीच्या मागे, खांदा जिथे असायला हवा होता तिथे, लाल उजेड होता आणि उशी होती. दबलेली.

मी कशी आणि कधी बाहेर अंगणात आले ते आठवत नाही. ब्रॉनीने मला टाक्यांच्या वाफेपाशी बसलेलं पाहिलं.

"काय झालं? भूत पाहिल्यासारखी काय बसलीस?"

"ब्रॉनी, डेस यांची तब्येत फार खालावलीय."

"माहितेय." तीही बाजूला टेकली. "ऐक, त्यांच्याबद्दलच बोलायचं होतं. मेलबर्नहून निरोप आलाय. चाखणारे पाच हवेत. पाचाखाली ते निकाल धरणार नाहीत, आणि ट्रे त्यांचा माणूस स्वतः मांडणार. मी म्हटलं डेसला आणून बसवू. चव येवो न येवो, बसतील तरी त्यांच्या जागेवर. त्यांनाही बरं वाटेल."

"नको!"

इतक्या जोरात मी आजवर कोणाशी बोलले नव्हते.

"मी बसते," मी म्हटलं. "पाचव्यात मी बसते."

"तू? तुला कोक आणि कॉफीतला फरक डोळे मिटून सांगता येणार नाही, टॅम."

"तू आणि मॅका तरी कुठे सांगताय?"

"आलीय जीभ पोरीला," ती म्हणाली आणि उठून गेली.

माझा हिशेब सरळ होता. एका स्टुलावर दोघं बसू शकत नाहीत. जागा भरलेली असली की डेस यांना घरी थांबावं लागेल.

६

मेलबर्नचा माणूस नीटनेटका, मृदू बोलणारा, करड्या सुटातला. त्याने सगळ्यांशी हात मिळवला आणि माझ्या जागेवर, ग्लासांपाशी गेला. आम्ही पाच जण रांगेने कप्प्यांत शिरलो. मॅका माझ्या कानाशी म्हणाला, "उशी जपून हं, निळे. गिळते म्हणतात." त्याला काही ठाऊक नव्हतं. तो नेहमीसारखाच होता, त्यामुळेच मला रडू आलं.

मी बसले. उशी थंड होती. दार लोटलं आणि बाहेरचे आवाज दूर गेले. लाल उजेडात माझे हात माझे वाटेनात. समोर झडप, आणि तिच्यापलीकडे ग्लासांची किणकिण, जी मी इतके दिवस स्वतः करत होते. इथून ती कशी ऐकू येते हे मला कधी सुचलंच नव्हतं. आपल्याला खायला घालायला कोणीतरी येतंय, असं वाटतं.

झडप वर गेली. ट्रे आला. तीन ग्लास, तीन बॅचेस.

मी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले गेले.

मला कसं सांगावं कळत नाही. इतकं मला कधीच काही कळलं नव्हतं. मॉल्ट कोणत्या उतारावरचा, त्या वर्षी पाऊस उशिरा आला ते, टाकीच्या झाकणाला लागलेला ब्रॉनीचा साबण, नदी, नदीखालचा दगड, लाकूड, लोकर, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातली धीराची चव. दुसरा घोट. तिसरा. तिन्ही सारखे होते. तंतोतंत सारखे. मला आनंदाने हुंदका येणार होता. वाचलो आम्ही, एवढंच मनात आलं, आणि मी तिन्ही ग्लास सरळ ठेवून ट्रे सारला.

उजवा हात तिथेच राहिला. कोपरापर्यंत बर्फ झाला होता. मी बघत असताना त्याची बोटं दुमडली आणि पेराने फळीवर ठोकलं.

टक, टक.

हात माझा होता. ठोका माझा नव्हता.

बाहेर आलो तेव्हा त्या माणसाने चष्मा पुसत सांगितलं, चौघांचे अंदाज तिन्ही ग्लासांत विखुरले, पाचव्याने फरक नाही असं कळवलं, आणि त्याच्या मते पाचवाच बरोबर. बिटर इथेच राहील. शीना रडायला लागली. मॅकाने मला उचलून गोल फिरवलं. ब्रॉनी मात्र भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

"ते ठोकायचं," ती हळूच म्हणाली, "ते तू कुठे शिकलीस?"

उत्तर द्यायच्या आत ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. वॅल होत्या, हसत होत्या, रडत होत्या. डेस नेहमीसारखे गप्प होऊन बसलेले, आणि स्मोकोच्या सुमाराला एकदम खुर्चीतून उठले. कांदे करपताहेत म्हणाले. "अगं, मी परसात होते! मला आला नव्हता वास, तो त्यांना आला!"

मी फोन ठेवला आणि मोकळ्या हवेसाठी अंगणात गेले. मॉल्ट शिजत होता. वाफ सगळ्या अंगणावर उतरली होती, गावात सगळ्यांना घर आठवतं तो वास घेऊन. मी त्या वाफेत उभी राहिले. ती ओली होती, ऊबदार होती.

बाकी काही नव्हतं.

७

सर्दी असेल. मी सर्दीची औषधं घेतली. पावाला व्हेजिमाइट, ते खारट, उग्र वासाचं काळं लेपण, जाड थापून पाहिलं. जाड चिकट काहीतरी. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नाकात उजेड टाकला आणि म्हणाल्या, येईल परत, तणाव कमी घ्या. मी मोठ्याने हसले. त्या जरा घाबरल्या.

आठवड्याने डेस स्वतः ब्रुअरीत आले. गाल भरले होते. वॅल यांचा टार्ट आणला होता, सगळ्यांना वाटला, प्रत्येक तुकड्यागणिक स्वतः "अहाहा" करत. मी माझा तुकडा चावत होते. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"मीठ कमी पडलं का गं?"

"नाही. छान आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी जास्तच वेळ चावत होते बहुतेक. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी आवाज खाली आणला.

"सकाळी येते ना?"

मी चावायचं थांबले.

"पहिले काही दिवस बरं वाटतं," ते म्हणाले. मग घाईघाईने उरलेला तुकडा तोंडात कोंबला, माझ्या नजरेला नजर न देता. उठताना माझ्या खांद्यावर थोपटलं. "ती उशी उसवलीय एका बाजूने. वॅलला सांगतो दुसरी विणायला. तुझ्या मापाची."

मी पाचव्यात पुन्हा बसलेले नाही. ब्रॉनी मागे लागली होती, पण मी मांडणारीच बरी म्हणून मी अडून बसले. ती हल्ली माझ्याशी फार वाद घालत नाही. पाचव्या कप्प्याला मी कुलूप लावलं आणि किल्ली नदीत टाकली. झडपेवर फळी ठोकायचं मॅकाने उद्यावर टाकलंय, परवापासून.

आज सकाळी ग्लास धुताना फुटला. कोणी हाकही मारली नव्हती, माझ्याच हातून सुटला. अंगठ्याला लागलं. निळी पट्टी गुंडाळली. पट्टीलाही एक औषधी वास असतो, असायचा.

चार ट्रे मोजून लावले. एक, दोन, तीन, चार. चार झडपा खाली सोडल्या आणि पलीकडे चौघांचं खाकरणं, स्टुलं सरकवणं ऐकत उभी राहिले. पाचवीकडे पाहायचं नाही असं ठरवलेलं होतं.

मग तोंडात चव आली.

मी काही प्यायले नव्हते. कडवट, गार, भरगच्च. इतक्या दिवसांनी आली, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पहिला घोट. मी कठडा धरला. दुसरा घोट. उजवा हात बोटांपासून वर गार पडत चालला. तिसरा घोट वेगळा होता. किंचित लोणी. नवं यीस्ट थकायला लागलं होतं, आणि हे मला सूक्ष्मदर्शकाशिवाय, लख्ख कळत होतं.

पाचव्या झडपेवरचा दिवा लागला.

झडप वर गेली. मी तिथे ट्रे ठेवलाच नव्हता. तरी ट्रे आला, दोन ग्लास सरळ, एक उपडा, आणि तो पुढे ढकलणारा हात मनगटापर्यंत बाहेर आला. लाल उजेडात त्याच्या अंगठ्यावर काहीतरी काळं दिसत होतं. मग तो हात माझ्या बाजूच्या उजेडात आला.

पट्टी निळी होती. अजून ओली होती.